उत्पन्नाचा दाखला

आमच्या घरातल्या निम्म्या वस्तू वापरायला बंदी होती, कारण त्या पुण्याला जायच्या होत्या. जाड बुडाची पातेली, निळ्या फुलांच्या कपबशा, सोलापूरच्या चादरींची नवीकोरी थप्पी, हे सगळं दिवाणाच्या पोटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं असायचं. घरी कुणी आलं की मी आशेनं विचारायची, "आई, त्या चांगल्या कपबशा काढू?" आणि आई स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "पुण्याला गेल्यावर." त्यामुळे आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं कान तुटलेल्या कपातून चहा प्यायला आहे, आणि आईला त्याचं कधी काही वाटलं नाही. गुडगावातलं घर तिच्या लेखी घर नव्हतंच. त्या गावाला गुरुग्राम म्हणायची आमच्या जिभेला तेव्हा सवय नव्हती, आणि आईनं तर शेवटपर्यंत त्याचा उच्चार "तुमचं हे गाव" असाच केला, जणू बाबांनीच ते वसवलं होतं.

बाबा मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी बघायचे. पहाटे कंपनीची बस सोसायटीच्या फाटकाशी यायची आणि ड्रायव्हर एकच आखूड हॉर्न द्यायचा. तो ऐकू आला की बाबा अर्धा राहिलेला चहा बशीत ओतून फुंकत फुंकत संपवायचे. हातातल्या वस्तूत खोट शोधणं हा त्यांचा पेशा होता आणि तो ते घरीही घेऊन यायचे. भाजीवाल्याचे टोमॅटो, माझं अक्षर, दूरदर्शनवरच्या निवेदिकेचं मराठी, सगळ्यांवर त्यांचा एकच शेरा असे, "रिजेक्ट." आईच्या गोड्या मसाल्याच्या आमटीला मात्र तो शेरा कधी मिळाला नाही. आई म्हणायची, तेवढी अक्कल आहे त्यांना. दिल्लीच्या गुळाला माती लागते, इथल्या शेंगदाण्याला तेलच नाही, लाल गाजराची कोशिंबीर म्हणजे लग्नातल्या मिठाईसारखी दिसते, अशा तक्रारी करत करत ती रोज चारीठाव स्वयंपाक करायची.

पुण्याचं घर सिंहगड रस्त्याला होतं, म्हणजे होत होतं. बाबांनी कितीतरी वर्षं हप्ते भरून ते जवळजवळ फेडत आणलं होतं, आणि निवृत्त झाले की आम्ही तिथं जाणार होतो. दर मे महिन्यात आई ते बघून यायची. एका वर्षी नुसत्या पिलर्सच्या मधे उभी राहून आली, पुढच्या वर्षी विटांच्या भिंती बघून आली. ती ठेंगणी होती आणि जन्मभर भाड्याच्या घरांतल्या उंच ओट्यांवर टाचा उंचावून पोळ्या लाटत आली होती. म्हणून बिल्डरच्या इंजिनियरशी भांडून तिनं आपल्या ओट्याची उंची कमी करून घेतली. तो म्हणाला, मॅडम, विकताना त्रास होईल. ती म्हणाली, विकतंय कोण? हे ती इतक्या वेळा सांगायची की मला तो इंजिनियर तोंडपाठ झाला होता.

आमच्या सोसायटीत पाणी टँकरनं यायचं. टँकर मागे घेताना एक पिपाणीसारखं गाणं वाजायचं, मग वॉचमनची शिट्टी, मग पाइप टाकीत सोडल्याचा धबधबा, मग मोटरची घरघर. माझ्या लहानपणाला पार्श्वसंगीत होतं ते हेच. मी एकदा बाबांना विचारलं की आपल्या खालचं पाणी कुठं गेलं? ते म्हणाले, संपलं. मी म्हटलं, संपलं म्हणजे गेलं कुठं? बाबा प्रामाणिकपणे "माहीत नाही" म्हणाले. मी भूगर्भशास्त्राला गेले ती त्या प्रश्नापायी, असं मुलाखतींतून सांगायला छान वाटतं, पण थोडंफार ते खरंही आहे. दिल्लीत पदवी झाली आणि जमिनीखालच्या पाण्याचंच पुढं शिकायचं हे माझं पक्कं ठरलं. माझ्या सरांनी सांगितलं की त्यासाठी इटलीतलं पादोवा चांगलं. पादोवा कुठं आहे हे मला नकाशात शोधावं लागलं होतं.

तिथं आधीच पोचलेली एक मुलगी आमच्या ओळखीची होती. वरच्या मजल्यावरच्या शेखकाकूंची, म्हणजे आईच्या मुमताजची, निलोफर. शेख मंडळी मूळची कोल्हापूरची. काकू इतकं खणखणीत मराठी बोलायच्या की त्यांच्यासमोर माझ्या "यार" आणि "बिल्कुल"ची मला लाज वाटायची. एका दुपारी त्या तांबडा रस्सा घेऊन खाली आल्या आणि ओट्याला टेकून आईला सगळं समजावून सांगितलं. तिथल्या सरकारी विद्यापीठाची फी तशी थोडी, खरा खर्च राहण्या-खाण्याचा. पण तिथलं सरकार कुटुंबाचं उत्पन्न बघतं, ठरावीक रकमेच्या खाली असेल तर फी माफ, वसतिगृहात खोली आणि दोन वेळचं जेवण. "वहिनी, त्यांच्या हिशोबानं आपण सगळेच बसतो हो त्यात. आमच्या ह्यांचा पगार तुमच्याकडच्यांपेक्षा जास्तच आहे, तरी निलूला मिळाली. लपवाछपवी काही नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घ्यायचा, त्यावर शिक्के मारून घ्यायचे, भाषांतर करायचं, पाठवायचं."

आईचा चेहरा मला अजून दिसतो. तिला इटलीचं कौतुक नव्हतं. पण आपलं काही न मोडता पोरगी शिकून येईल हे तिच्या तत्काळ लक्षात आलं. रात्री जेवताना तिनं बाबांपुढं विषय काढला. बाबांनी घास खाली ठेवला.

"ती गरिबांसाठी असते," ते म्हणाले.

"अहो, त्यांच्या हिशोबानं आपण—"

"त्यांचा हिशोब त्यांच्याकडे. मी नोकरीला आहे, मला पगार आहे. माझी मुलगी दुसऱ्याच्या तोंडचा घास घेणार नाही."

"बाबा, यार, तो हक्क आहे," मी म्हटलं. "तिथं सगळेच घेतात."

"सगळे घेतात म्हणून तर खऱ्या गरजूला मिळत नाही. रिजेक्ट."

एवढंच बोलून ते परत जेवायला लागले. मी चिडले होते, आईपण चिडली होती. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मला बाबांचा थोडा अभिमानही वाटला. ते कसे तत्त्वाचे आहेत, असं मी मैत्रिणींना सांगितलं. माणूस तत्त्वानं वागतोय की दुखऱ्या जागेवर हात ठेवून उभा आहे, हे बावीस वर्षांच्या मुलीला कुठून कळायचं.

दर संक्रांतीला आम्ही पानिपतला, लढाईच्या जागेवरच्या काला अंबला जायचो. दिल्लीतली बरीच मराठी कुटुंबं जायची, अजूनही जातात. आम्ही आणि शेख मिळून एक मोठी गाडी करायचो. धुक्यात हरियाणाच्या मोहरीच्या शेतांमधून जाताना आई डब्यातून तिळाच्या वड्या फिरवायची, आणि तिथं पोचलं की बाबांना स्फुरण चढायचं. स्मारकाजवळ उभे राहून ते दरवर्षी तेच सांगायचे. मराठे शौर्यात कमी पडले नाहीत, रसद तुटली म्हणून गेले. पोटात अन्न नव्हतं, जनावरांना वैरण नव्हती, उपाशी माणसं लढायला बाहेर पडली. हे सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा आणि आसपासची अनोळखी माणसंसुद्धा थांबून ऐकायची. शेखकाकांचा कंटाळलेला धाकटा मुलगा तोवर मोबाइलवर गेम खेळत असायचा.

त्या वर्षी बाबांचं सांगून झालं आणि आई म्हणाली, "दरवर्षी इथं येऊन रसदीचं सांगता. तुमच्या पोरीची रसद चालत दाराशी आलीय, तर तुम्ही तिला परत पाठवताय." शेखकाका काही ऐकलंच नाही असं दाखवत दुसरीकडे बघायला लागले. बाबा गाडीकडे चालू लागले. पण परतीच्या वाटेवर मुरथलला पराठे खायला थांबलो, तेव्हा लोण्याचा गोळा पराठ्यावर पसरवत ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझं ॲडमिशन झालं तर बघू तो दाखल्याचं." आईनं त्या दिवशी सगळ्यांसाठी एक-एक लस्सी जास्त सांगितली. एरवी ती ढाब्यावर पाण्याची बाटलीसुद्धा घरून आणलेली काढायची.

ॲडमिशन झालं. होळीच्या सुमाराला ईमेल आली, आईनं पुरणपोळी केली, शेखांकडे ताट गेलं. मग बाबांची चालढकल सुरू झाली. आज प्लांटमध्ये ऑडिट आहे, उद्या जपानी पाहुणे आहेत. कागद त्यांचे लागणार, सही त्यांची लागणार, त्यांना टाळून काही करता येत नव्हतं. उन्हाळ्यातली गरम लू वाहायला लागली तेव्हा कुठं एका सकाळी ते रजा टाकून निघाले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, पेन लावलं, आणि कागदांची फाइल मला न देता स्वतःच्या काखेत धरली. मी बरोबर गेले.

तहसिलीत तोबा गर्दी होती. जात, रहिवास, उत्पन्न, सगळ्या दाखल्यांची माणसं एकाच दाराशी लोंबकळत होती. आतला कारकून वाईट माणूस नव्हता. उलट त्या उकाड्यात गर्दी मार्गी लावायची त्याची बिचाऱ्याची धडपड चालली होती. तो खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला, "आमदनी वाले, स्कॉलरशिप वाले, ग़रीबी वाले, सब इधर! इस दीवार के साथ लग जाओ!" लोक हसत-खिदळत, एकमेकांना ढकलत भिंतीच्या कडेला जाऊन उभे राहिले. बाबा जागचे हलले नाहीत. मी त्यांच्या बाहीला हात लावला तेव्हा ते निघाले आणि रांगेच्या शेवटी जाऊन, भिंतीपासून जरा अंतर ठेवून उभे राहिले.

रांगेत पुढं उभ्या असलेल्या एका माणसानं वळून बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "सर जी! आप?" तो बाबांच्याच कारखान्यात मशीनवर होता, मुलीच्या शाळेसाठी दाखला काढायला आला होता. त्याला इतका आनंद झाला की त्यानं पुढच्या सगळ्यांना सांगितलं, हे आमचे मोठे साहेब आहेत, यांना पुढं जाऊ द्या. "सर जी, आप मेरी जगह आ जाओ. आप क्यों खड़े रहोगे ग़रीबी वाली लाइन में?" त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, शपथेवर सांगते. रांगेनं माना वळवून बघितलं, कुणीतरी कौतुकानं बाजूला सरकलं, आणि कारकुनानंही खिडकीतून विचारलं, "कौन साहब हैं भाई?"

बाबांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. असं होताना मी पहिल्यांदाच बघत होते. ते त्या माणसाला म्हणाले, "नहीं, नहीं, मैं तो बस इसको छोड़ने आया था," आणि फाइल काखेत घट्ट दाबून बाहेर चालू लागले. बाहेर कुणाची तरी गाडी उभी होती, तिच्या सावलीत ते जरा वेळ थांबले. मी म्हटलं, "बाबा, दहा मिनिटांचं तर काम आहे." ते म्हणाले, "वृंदा, मी तुला पाठवतो. माझ्या पैशानं पाठवतो. पण हे परत काढू नकोस." त्यांचा आवाज पानिपतला यायचा तसा आला होता. मी परत काढलं नाही.

आईनं मात्र काढलं. पुढचे काही आठवडे आमच्या घरात भांडी जरा जोरात आपटायची. ती म्हणायची, मी जाते तुमच्याबरोबर, तुम्ही गाडीत बसून राहा, मी उभी राहते. ते म्हणायचे, विषय संपला. कर्ज काढावं तर निवृत्ती तोंडावर आलेली, आणि पुन्हा नवं कर्ज बाबांना नको होतं. कागद पाठवायची मुदत टळून गेली तेव्हा शेखकाकू खाली आल्या नाहीत, वरूनच फोन करून आईशी हळू आवाजात बोलल्या. त्यानंतर एका रविवारी बाबा एकटेच पुण्याला गेले आणि दोन दिवसांनी परत आले. बूट काढता काढता म्हणाले, "चांगली किंमत आली. घेणाऱ्यानं ओट्याबद्दल काही म्हटलं नाही."

आई शेंगदाणे भाजत होती. ती "बरं" म्हणाली. कढईतले दाणे ती नेहमी अगदी मंद आचेवर, सगळ्या बाजूंनी सारखे भाजायची. त्या दिवशी ते करपले आणि तिनं ते तसेच कुटून कोशिंबिरीत घातले. आम्ही तिघांनीही ती कडू कोशिंबीर संपवली. मी त्या क्षणी म्हणायला हवं होतं की मला जायचंच नाही. मी नाही म्हटलं. मला जायचं होतं. आज इतक्या वर्षांनी मी तेव्हाच्या त्या मुलीला दोष देऊ शकत नाही, पण तिच्या शेजारी बसवतही नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आईनं दिवाण उघडला. मला वाटलं काही तरी माझ्या बॅगेत द्यायचं असेल. तिनं निळ्या कपबशा काढल्या, धुतल्या, पुसल्या आणि रोजच्या मांडणीत लावून टाकल्या. मग मला मेतकूट, गोडा मसाला आणि लसणाच्या चटणीच्या पुड्या बांधून दिल्या, आणि विमानतळावर पुन्हा पुन्हा बजावलं की चटणी सामानात दे, हातात ठेवू नकोस, वास येतो.

पादोवा सुंदर होतं, कमानींखालून चालत गावभर जाता यायचं आणि कालव्याच्या पाण्यावर झाडांची पिवळी पानं पडलेली असायची. मी तिथं जे शिकले त्यावरच पुढं पोट भरलं, त्याबद्दल तक्रार करायला मला जागा नाही. तक्रार आहे ती विद्यार्थ्यांच्या खानावळीबद्दल. पहिल्याच आठवड्यात निलोफर मला तिथं घेऊन गेली. आम्ही ट्रे घेतले, टोमॅटोचा रस्सा घातलेला पास्ता घेतला, आणि शेवटी एका यंत्राला आपापली कार्डं लावली. तिचं कार्ड आणि माझं कार्ड हुबेहूब सारखं होतं. यंत्र दोघींना एकाच आवाजात टुणकन वाजलं. तिला जेवण फुकट होतं आणि माझे पैसे कापले गेले, पण ते त्या यंत्राला माहीत आणि आम्हाला. मी तिला विचारलं, "कुठं वेगळी रांग वगैरे?" ती म्हणाली, "पागल आहेस का? इथं कुणाला पडलीय?" आमच्या टेबलावर बसलेल्यांत कोण कुणाच्या पैशांवर शिकतंय हे मला दोन वर्षांत कधी कळलं नाही. त्यातला एक तर त्याच गावातल्या वकिलाचा मुलगा होता, आणि त्यालाही ती मदत मिळत होती असं मला फार नंतर समजलं.

त्या रात्री मी आईला फोन करून हे सगळं सांगितलं. कार्ड कसं सारखं असतं, कुणी विचारत नाही, कुणी बघत नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबांना हे सांगू नकोस." आणि विचारलं, "चटणी फुटली नाही ना वाटेत?"

बाबा निवृत्त झाले आणि कारखान्यानं त्यांना कंत्राटावर ठेवून घेतलं. भाड्याचं घर, वाढतं भाडं, मग दुसरा उपाय नव्हता. आणखी कितीतरी वर्षं ते पहाटेच्या बसनं मानेसरला जात राहिले. मी परत आले, दिल्लीतच भूजलाच्या कामात नोकरीला लागले, आणि पहिले थोडे पैसे साठल्यावर आईला म्हटलं, पुण्यात बघू या का घर? तोवर तिथल्या किमती आमच्या आवाक्यातून गेल्या होत्या. आई म्हणाली, "आता कशाला? तिथली माणसं तरी कुठं राहिलीत आता." पुण्याला आम्ही लग्नकार्यापुरते जायचो. एकदा रिक्षा त्या बिल्डिंगवरून गेली तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला बघत राहिले आणि आई सरळ समोर बघत राहिली. वर कुणीतरी कपडे वाळत घातले होते, तेवढं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं.

बाबांचं शेवटचं दुखणं हिवाळ्यात आलं. दुपारी ऊन गच्चीत आलं की आम्ही त्यांना शाल गुंडाळून खुर्चीत बसवायचो. आई शेजारी मटार सोलत बसायची, मी सुटी असेल तेव्हा संत्र्याच्या फोडी सोलून त्यांना द्यायची. त्यांना बोलायला दम लागायचा, त्यामुळे ते कमीच बोलायचे. एका दुपारी ते कुणी न विचारता बोलायला लागले.

"आमच्या शाळेत महिन्याच्या सुरुवातीला नादारीची यादी वाचायचे. नादारी म्हणजे फी-माफी. ज्यांची ऐपत नाही त्यांना." फोड हातात तशीच होती. "नाव घेतलं की उभं राहायचं. यादी संपेपर्यंत उभं राहायचं. आपलं आडनाव अ-पासून. माझं नाव पहिलं."

आईचे हात थांबले. चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारात तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं होतं, हे मला तिच्याकडे बघून कळलं.

"एका वर्षी वर्गात एक मुलगा नवीन आला," बाबा म्हणाले. "त्यानं शेजारच्याला विचारलं, ह्यांना शिक्षा कसली झालीय? म्हणजे त्याला वाटलं, आम्ही काहीतरी केलंय." ते जरा थांबले, श्वास घेतला. मग माझ्याकडे वळून, अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "तिथं तुमच्या इटलीत... ज्यांना ती मदत मिळायची, त्यांना असंच वेगळं काढायचे का गं?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही सांगता येत नाही. खरं बोलले असते तर काय झालं असतं याचा विचार मी नंतर खूप वेळा केलाय.

"काढायचे तर," आई म्हणाली. ती पुन्हा मटार सोलायला लागली होती. "वेगळी रांग असायची. वेगळं कार्ड. शेखांची निलोफर फोनवर रडायची म्हणे. मुमताजच मला सांगत होती."

बाबांनी आईकडे बघितलं. त्यांचे खांदे, जे मला नेहमी ताठ आठवतात, ते खाली आले. "बघ," ते म्हणाले. "मी तुला म्हणत होतो."

"हो. म्हणत होतात."

"बरं केलं मग आपण."

"बरंच केलं," आई म्हणाली.

त्यांनी फोड तोंडात टाकली, डोळे मिटले आणि उन्हात बसल्या बसल्या झोपून गेले. एरवी त्यांना दुपारी झोप लागायची नाही. आई मटारचं भांडं उचलून आत गेली आणि मी तिच्या पाठोपाठ गेले. स्वयंपाकघरात मी हळूच म्हटलं, "आई, तुला तर सगळं माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं मी. आणि जन्मभर तू त्यांच्याशी यावरून भांडलीस."

ती टाचा उंचावून वरच्या फळीवरचा डबा काढत होती. मी काढून द्यायला पुढं झाले तर तिनं मला हातानंच बाजूला केलं.

"घर माझं गेलं, वृंदा," ती म्हणाली. "ते कशापायी गेलं, ते मला ठरवू दे."